निळा डॅमसेल मजेत, नवा मासा मात्र आठवड्यात मेला: वारंवार असं होत असेल तर काय तपासायचं आणि काय बदलायचं

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, तेल्हारा या आपल्या अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे मोजकेच लोक आहेत, पण त्यांची तक्रार बहुतेक एकच असते. टँकमध्ये निळा डॅमसेल आहे, खातो-पितो, चांगला टवटवीत आहे. त्याच्यासोबत सोडलेला प्रत्येक नवा मासा मात्र आठवडा काढत नाही. क्लाऊन (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा) आणला, गेला. गोबी (वाळूवर राहणारा छोटा मासा) आणला, गेला. पुन्हा क्लाऊन आणला, तोही गेला. दुकानदार म्हणतो पाण्यात दोष आहे, घरचे म्हणतात हा निळाच मारतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकतं. कोणाचं किती खरं, हे ठरल्याशिवाय पुढचा मासा विकत घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. हे मासे रात्रभराचा प्रवास करून आपल्यापर्यंत येतात आणि आपल्या घाईपायी मरतात. मला ते पाहवत नाही.

मी बोलतोय तो बोटभर लांबीचा, झगझगीत निळा मासा, शास्त्रीय नाव क्रिसिप्टेरा सायनिया. पूर्ण वाढला तरी आठ-साडेआठ सेंटिमीटरच्या वर जात नाही. फिलिपिन्स, इंडोनेशियापासून जपानच्या दक्षिणेपर्यंतच्या प्रवाळखडकांवर हा राहतो. स्वस्त मिळतो, काटक असतो, रंग असा की पाहणाऱ्याने पाहतच राहावं. पण हा जागेचा मासा आहे. खडकातली एक कपार आणि तिच्या आजूबाजूचा थोडा भाग तो आपला मानतो, आणि तिथे दुसरा आला की हाकलतो. समुद्रात हाकललेला मासा चार हात पलीकडे निघून जातो आणि भांडण तिथेच संपतं. आपल्या तीन फुटी टँकमध्ये पलीकडे जायला काच आहे. मासा तोच, स्वभाव तोच, फक्त पळायला जागा नाही. सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

आधी पाहा, मासा कधी मेला

यावरून अर्धं निदान होतं. नवा मासा पहिल्याच रात्री किंवा चोवीस तासांच्या आत गेला आणि अंगावर ओरखडासुद्धा नाही, तर डॅमसेलला दोष देऊ नका. एवढ्या लवकर मारामारीने मासा सहसा मरत नाही. तो प्रवासाने, पिशवीत त्याच्याच घाणीतून साचलेल्या अमोनियाने किंवा क्षारतेच्या धक्क्याने गेला.

तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान गेला, शेपटीच्या कडा फाटलेल्या, कुशीवरचे खवले निघालेले, शेवटचे दिवस पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात हीटरच्या किंवा पाइपच्या मागे काढलेले, तर काम डॅमसेलचं आहे.

आठवडा उलटल्यावर गेला, कल्ले भराभर हलत होते, अंगावर बारीक सोनेरी-राखाडी धूळ बसल्यासारखी दिसत होती किंवा मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते, तर तो रोग आहे. धुळीसारखं दिसतं ते व्हेल्वेट, ठिपके दिसतात तो मरीन इक. जुना मासा अंगावर परजीवी घेऊनही वरून ठणठणीत दिसू शकतो, म्हणून "निळ्याला तर काही झालं नाही" हा पुरावा धरू नका. या रोगांचा इलाज या लेखात मावणार नाही. एवढंच सांगतो की तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये कधीही टाकायचं नाही, आजारी मासा वेगळ्या टबात काढूनच उपचार करायचे.

"पान्यात दोष असता तर निळा नसता मेला काय?"

दर्यापूर तालुक्यातल्या एका मुलाने मला अगदी हेच विचारलं होतं. "भाऊ, हा निळा तर दोन वर्सापासून ठनठनीत आहे. पान्यात दोष असता तर हाच आधी नसता मेला काय?" प्रश्न बिनचूक वाटतो. पण आपल्याकडे सगळ्यात जास्त मासे याच समजुतीने मरतात, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

उन्हाळ्यात उघड्या तीन फुटी टँकवर पंखा लावला तर दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. समजा तुमच्या टँकमध्ये १०० लिटर पाणी आहे आणि क्षारता दर लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे समुद्राएवढी. त्यातलं १० लिटर उडालं आणि भरायचं राहिलं, की तीच क्षारता ३९ च्या जवळ पोहोचते. भरताना कोणी मीठ घातलेलं पाणी भरलं तर आणखी वर जाते. हे सगळं हळूहळू होतं, म्हणून निळ्याचं शरीर त्याला सरावतं. तो त्या पाण्यातच रुळलेला असतो.

आता नव्या माशाचं पाहा. बरेच दुकानदार मीठ वाचावं आणि परजीवी कमी राहावेत म्हणून क्षारता मुद्दाम खाली ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या आसपास, म्हणजे लिटरला साधारण २७ ग्रॅम. तिथून आलेला मासा तुम्ही अर्ध्या तासात ३९ मध्ये सोडता. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो सकाळपर्यंत संपतो. निळा शेजारीच आरामात फिरत असतो. क्षारता एकदम खाली गेली तर मासा बऱ्याचदा निभावून नेतो, एकदम वर गेली तर नाही. म्हणून मासा सोडण्याआधी पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजायची, आणि वेगळ्या टबात तेवढ्याच क्षारतेचं पाणी तयार ठेवून मासा आधी तिथे ठेवायचा. मग रोज थोडी थोडी वाढवत टँकच्या पातळीवर आणायची.

मोजायचं कशाने? काटा असलेल्या स्वस्त हायड्रोमीटरवर फार विसंबू नका. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला किंवा मिठाचा थर धरला की तो खोटं सांगतो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या एका थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारं साधन) घ्या आणि ३५ च्या प्रमाण द्रावणाने अधूनमधून तपासा. त्यातही आपल्या भागाची एक अडचण आहे. यातली तापमानाची आपोआप होणारी दुरुस्ती बहुतेक साधनांत १० ते ३० अंशांपर्यंतच धड चालते. मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी ४० अंशांत घेतलेल्या मापाला अर्थ नाही. सकाळी मोजा, साधन आणि पाण्याचा थेंब दोन्ही गार असताना.

क्षारता वाढलेली निघाली तर घाबरून एकदम दहा लिटर गोडं पाणी ओतू नका. रोज एक-दीड ग्रॅमने उतरवा. आणि यापुढे काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारून ठेवा. रोज संध्याकाळी रेघेपर्यंत बिनमिठाचं आरओचं पाणी भरायचं. घरातलं दुसरं कोणीही हे काम करू शकतं, त्याला काही शिकावं लागत नाही.

पाण्यावरून आठवलं. आपण खारपाणपट्ट्यात राहतो, तेव्हा "आपल्या बोअरचं पाणी तर आधीच खारं, मग मीठ कशाला विकत घेता?" असं पाहुणे हमखास विचारतात. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल जिभेला खारट लागतं, पण समुद्राच्या लिटरला ३५ ग्रॅमच्या ते जवळपासही नसतं, आणि त्यातल्या क्षारांचं आपसातलं प्रमाणही समुद्राचं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम साधारण १,२९० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ४१० च्या पुढे असतं. जमिनीतलं खारं पाणी हा हिशेब पाळत नाही, आणि शेतातून झिरपलेलं नायट्रेट त्यात वेगळंच. तेव्हा बोअर नाही, नळाचंही नाही. गावातल्या आरओ प्लांटवरून जार आणत असाल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा) सोबत न्या. पिण्यासाठी चव यावी म्हणून तिथे कच्चं पाणी थोडं मिसळलेलं असतं आणि मीटर शंभरच्या आसपास दाखवतो. आपल्याला शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. आपल्या पाण्याने आरओची मेंब्रेन लवकर थकते, म्हणून मीटरवरचा आकडा चढू लागला की ती बदलायची.

प्रवासाचंही सांगून टाकतो. मुंबईहून रात्रीच्या अंबा एक्स्प्रेसने किंवा ट्रॅव्हल्सने आलेली पिशवी दहा-बारा तास बंद असते. माशाच्या श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. त्या उतरलेल्या पीएचमध्ये साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तास-दोन तास नळीने थेंब थेंब पाणी मिसळत बसणं घातक आहे. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, मग उघडून मासा लगेच त्या समान क्षारतेच्या टबात घ्या. पिशवीतलं पाणी फेका.

नवतप्यातले (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतले) मृत्यू

तापमान नेहमी दुपारी चार वाजता पाहा. सकाळी सगळ्यांच्याच टँकमध्ये २७ असतं. चार वाजता ३२ असेल तर नवा मासा कसाबसा तग धरून आहे असं समजा. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो, खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा तसाही जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी मावतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. वरून लाईन गेली की पंप थांबतो. अशा वेळी पृष्ठभागाजवळची चांगली जागा निळा धरून ठेवतो आणि नवा खालच्या कोपऱ्यात दबून राहतो. जखम नाही, रोग नाही, तरी सकाळी मेलेला. मारलं कोणी? दोघांनी मिळून, उष्णतेने आणि निळ्याने.

आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा एक फायदा मात्र आहे. हवा कोरडी असल्याने पाण्यावर तिरका पंखा लावला तर बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी तीन-चार अंशांनी सहज उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं जमत नाही. खोलीत कूलर चालू असेल तर हवा ओली होते आणि पंख्याचा असर घटतो, पण खोलीच गार झालेली असते, तेव्हा चिंता नाही. खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर कूलर नुसता दमटपणा वाढवतो. जुलैत पंखा जवळजवळ निकामी होतो. तोवर खोलीचं तापमानही उतरलेलं असतं. पंखा लावला की रेघेपर्यंत रोज भरायचं पाणी वाढतं, हे विसरलात तर वर सांगितलेल्या क्षारतेच्या भानगडीत पुन्हा अडकाल.

लाईन जाण्यावरचा उपाय बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातच पडलेला असतो. बॅटरीवरच्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी. ८ किंवा १२ अँपिअर-तासांची असते. तिच्यावर १२ व्होल्टचा छोटा एअर पंप लावला तर रात्र निघते. गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि दोन दिवस लाईन नाही, अशा वेळी बॅटरी शेजारच्या गावातून चार्ज करून आणता येते. पण फक्त बॅटरी काढून, पुसून घरात आणा. फवारणीचा पंप टँकच्या खोलीत आणायचा नाही.

फवारणीचा विषय निघालाच आहे. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माशांना अत्यंत कमी मात्रेत मारतात, आणि डास पळवणाऱ्या लिक्विडमध्ये किंवा अगरबत्तीत असतात ती औषधंही त्याच कुळातली. टँकच्या खोलीत ती लावू नका. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. संत्र्याच्या झाडांना बोर्डो लावून आल्यावर हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय टँकमध्ये घालायचा नाही, कारण त्यातलं तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारतं.

निळाच मारतो, हे कसं ठरवायचं

तुम्ही टँकसमोर उभे असता तेव्हा मासे तुमच्याकडे पाहत असतात, एकमेकांकडे नाही. त्यांना वाटतं खायला मिळणार. म्हणून समोर उभं राहून "दिवसभर पाहिलं, काही करत नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही. मोबाईल एखाद्या डब्याला टेकवून अर्धा तास व्हिडिओ लावा आणि खोलीतून बाहेर जा. सकाळी लाईट लागल्यानंतरचा अर्धा तास आणि संध्याकाळी बंद होण्याआधीचा, हे दोन वेळ महत्त्वाचे.

वर ज्या मुलाचं सांगितलं, त्याच्याकडचा व्हिडिओ आम्ही दोघांनी बसून पाहिला होता. टँकमध्ये डावीकडे दगडांचा ढीग, उजवीकडे रिकामी वाळू. निळ्याची कपार ढिगाच्या खालच्या दगडाखाली. क्लाऊन उजव्या कोपऱ्यात वर, हीटरच्या मागे. क्लाऊन खाली उतरून मधल्या चपट्या दगडाच्या अलीकडे आला की निळा कपारीतून निम्मा बाहेर यायचा, पंख ताठ करून अंग थरथरवायचा. क्लाऊन त्या दगडाच्या पलीकडे दोन बोटं गेला की निळा सरळ त्याच्या शेपटीवर. क्लाऊन दगडाच्या अलीकडे परतला की निळाही तिथेच थांबून मागे फिरायचा. त्या चपट्या दगडाच्या उजवीकडे निळा पूर्ण व्हिडिओत एकदाही गेला नाही. पण टँकमध्ये खाणं पडायचं ते पाण्याच्या प्रवाहाने नेमकं डावीकडे, निळ्याच्या हद्दीत. क्लाऊन जखमांनी कमी आणि उपासाने जास्त मरत होता.

म्हणून व्हिडिओत तीन गोष्टी शोधा. त्याची कपार नेमकी कोणती. त्याची हद्द कुठे संपते. आणि नव्याला खाणं मिळतं की नाही. निळा मासा कधी काळपट पडलेला दिसला तर तो घाबरलेला आहे. हा मासा भीतीने रंग गडद करतो आणि बिळात शिरतो. टँकमध्ये निळा घाबरलेला आणि नवा मोकळा फिरताना दिसला, तर तुमचं निदान उलटं आहे, मार खाणारा निळा आहे.

नर-मादीची जोडी असेल आणि नर एका दगडाखालच्या जागेला पंखांनी वारा घालत असेल, तुमच्या हातावरही धावून येत असेल, तर खाली अंडी आहेत. त्या दिवसांत काहीच बदलू नका, नवा मासा तर अजिबात नको. अंडी फुटायला आठवडाही लागत नाही, तेवढं थांबा.

काय बदलायचं

दगड हलवा, असं सगळेच सांगतात. बहुतेक लोक वरचे चार दगड इकडचे तिकडे करतात आणि म्हणतात फरक पडला नाही. पडणारच नाही, कारण निळ्याची कपार जिथल्या तिथे राहिली. हलवायची ती कपार. व्हिडिओत जो दगड ओळखला तो उचला, उलटा करून टँकच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि जुन्या जागी सपाट वाळू राहू द्या. मग उरलेले दगड दोन वेगळ्या ढिगांत मांडा, मध्ये मोकळी वाळू. एका ढिगाचे दोन केले की दोन हद्दी होतात आणि मार खाणाऱ्याला नजरेआड व्हायला जागा मिळते. प्रत्येक ढिगात मासा आरपार निघेल अशा दोन-तीन वाटा ठेवा. एकाच तोंडाची कपार नव्या माशासाठी सापळा ठरते.

लपायला जागा कमी असेल तर नवे, न वापरलेले पीव्हीसीचे एल्बो आणि कपलिंग धुऊन टाका, दिसायला साधे पण कामाला उत्तम. धुऱ्यावरचे दगड आणू नका, त्यांच्यावर किती हंगामांची फवारणी बसली असेल सांगता येत नाही. आणि कोणी जिवंत प्रवाळखडक देऊ करत असेल तर नाही म्हणा. दगडासारखा सांगाडा बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांचा व्यापार गुन्हा आहे, आणि समुद्रातून खडक उपटून आपला टँक सजवणं मला तरी पटत नाही.

दगड हलवण्याआधी नवा मासा टँकमध्येच पण जाळीच्या आत ठेवा. भाजीच्या दुकानात मिळतात त्या दोन सारख्या प्लास्टिकच्या जाळीदार टोपल्या तोंडाला तोंड लावून केबल टायने बांधल्या की पेटी तयार. धातूची तार वापरू नका, खाऱ्या पाण्यात गंजते. ही पेटी निळ्याच्या हद्दीच्या कडेवर ठेवा, फार लांबही नाही. पहिल्या दिवशी निळा जाळीवर धडका मारेल. मारू द्या. नवा मासा किती दिवस पेटीत ठेवायचा, हे दिनदर्शिका ठरवणार नाही, निळा ठरवेल. तो जाळीकडे पाठ करून निवांत खाणं टिपायला लागला, दिवसातून एखाद्या वेळी येऊन पाहून जातो एवढंच राहिलं, की वेळ झाली. बहुतेकांकडे यात आठवडा जातो. आतला मासा पेटीत नीट खातोय, हे त्याहून महत्त्वाचं. न खाणारा मासा बाहेर सोडायचाच नाही.

सोडायचा दिवस असा. सकाळी दगडांची मांडणी बदला, म्हणजे निळ्याचा दिवस नवी जागा शोधण्यात जाईल. संध्याकाळी त्याला पोटभर खाऊ घाला. लाईट बंद करा, खोलीतलाही, आणि अंधारात पेटी उघडून मासा रिकाम्या ढिगाजवळ सोडा. रात्री डॅमसेल कपारीत झोपतो, नव्याला ती रात्र जागा शोधायला मिळते. दुसऱ्या दिवशी टँकचा लाईट उशिरा लावा. तरीही धावपळ दिसली तर निळ्याच्या बाजूच्या काचेला बाहेरून छोटा आरसा लावा. तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला उसंत मिळते. आरसा दोन-चार तासच, नाहीतर निळाच दमून जातो.

खाणं रोज दोन-तीन वेळा, थोडं थोडं, आणि दोन जागी. आधी निळ्याच्या कपारीसमोर चिमूटभर, तो तिकडे गुंतला की दुसऱ्या टोकाला नव्यासाठी. पाण्याचा प्रवाह खाणं कुठे वाहून नेतो ते पाहून पंपाचं तोंड फिरवा. त्या मुलाच्या टँकमध्ये सगळ्यात मोठा फरक पंपाचं तोंड फिरवल्याने पडला.

तरीही ऐकत नसेल

काही निळे ऐकत नाहीत. विशेषतः जो टँकमध्ये पहिला आला, एकटाच मोठा झाला, त्याने पूर्ण तीन फूट आपले मानलेले असतात. अशा माशाला आठ-दहा दिवस बाहेर काढायचं. जाळीने पकडायला जाऊ नका, सगळे दगड ढासळतील आणि तो हाती लागणार नाही. लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, आत थोडं खाणं ठेवा आणि कपारीजवळ आडवी ठेवा. नाल्यात मासे धरायला बांबूचा सापळा लावतात, तसंच काम. आत जायची वाट रुंद, बाहेर यायची सापडत नाही. निळा हावरट असतो, बहुधा पहिला तोच शिरतो.

बाहेर काढलेला निळा स्पंज फिल्टर लावलेल्या टबात, त्याच क्षारतेत ठेवा. इकडे दगड बदला, नवे मासे सोडा, त्यांना रुळू द्या. मग निळ्याला परत आणा, तोही आधी जाळीच्या पेटीतून. आता नवा तो आहे आणि जागा दुसऱ्यांच्या. पुष्कळदा एवढ्यानेच तो ताळ्यावर येतो. तरीही नाही आला, तर मोठा टँक असलेल्या कोणाला तरी द्या. विहिरीत किंवा धरणात सोडणं हा पर्याय नाही. गोड्या पाण्यात तो तडफडून मरतो.

पुढच्या वेळी मासे कोणत्या क्रमाने

नवा टँक लावताना "आधी दोन डॅमसेल टाका, पाणी पिकलं की बाकीचे" हा सल्ला अजूनही दिला जातो. पाणी पिकवायला मासा लागत नाही. थोडा अमोनिया घालून किंवा चिमूटभर खाणं कुजू देऊन अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होतात. चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. डॅमसेलला अमोनियात होरपळून काढायचं आणि मग तो टँकचा मालक झाला म्हणून त्यालाच शिव्या द्यायच्या, हा त्याच्यावर अन्याय आहे.

गरीब स्वभावाचे मासे आधी, डॅमसेल सगळ्यात शेवटी. आधीच डॅमसेल असेल तर येणारा मासा त्याच्याहून थोडा मोठा आणि अंगकाठीने वेगळा असावा. आपल्यासारखा आकार, आपल्यासारखा रंग आणि आपलंच खाणं खाणारा दिसला की तो जास्त चिडतो. म्हणून दुसरा निळा किंवा पिवळ्या शेपटीचा डॅमसेल आणू नका. वाळूवर राहणारा गोबी चालतो, दगडावर बसणारा ब्लेनीही चालतो. क्लाऊन आणायचा तर जोडी आणा, आणि शक्यतो हॅचरीत वाढवलेली. आपल्या देशात क्लाऊनचं प्रजनन आता होतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केलं आहे. टबात वाढलेला क्लाऊन टँकला लवकर रुळतो आणि समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो. एकेक करून आणण्यापेक्षा दोघं एकदम सोडले तर निळ्याचं लक्ष वाटलं जातं. फक्त टँक शंभर लिटरचा असेल तर एकूण मासे चार-पाचच्या वर नेऊ नका.

कोणताही मासा आला तरी आधी चार आठवडे वेगळ्या टबात. आणायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणा, म्हणजे कडक उन्हाळ्याच्या आत तो रुळलेला असेल. एप्रिल-मेमध्ये दुकानात कितीही चांगला मासा दिसला तरी पिशवी हातात घेऊ नका.